हौशी संगणकप्रेमींना खुले पत्र

हौशी संगणकप्रेमींना खुले पत्र हे मायक्रोसॉफ्टचे सहसंस्थापक बिल गेट्स यांनी ३ फेब्रुवारी १९७६ रोजी लिहिलेले पत्र होय. अल्टेअर ८८०० या घरगुती संगणकासाठी तयार केलेल्या बेसिक या सॉफ्टवेअरच्या प्रती पैसे न देता काढल्या जात असल्याबद्दल या पत्रात तीव्र नाराजी व्यक्त केली आहे. सॉफ्टवेअर ही यंत्राप्रमाणेच विकत घेण्याची वस्तू आहे की वापरकर्त्यांनी आपसांत वाटून घेण्याची, या प्रश्नावरील आरंभीच्या जाहीर वादांपैकी हा सर्वांत प्रसिद्ध वाद मानला जातो. पत्राला वापरकर्त्यांनी दिलेल्या उत्तरांत सॉफ्टवेअरची किंमत, विक्रीची पद्धत आणि निर्मितीचा खर्च यांविषयीचे जे मुद्दे मांडले गेले, ते वैयक्तिक संगणकाच्या पुढील इतिहासात वारंवार उपस्थित झाले.

पार्श्वभूमी

१९६०च्या दशकात सॉफ्टवेअर सामान्यतः संगणकासोबतच मिळत असे. त्याची वेगळी किंमत आकारली जात नसे. २३ जून १९६९ रोजी आयबीएम कंपनीने सॉफ्टवेअर व सेवा यांची आकारणी यंत्रापासून वेगळी करण्याचा निर्णय जाहीर केला. त्यामुळे स्वतंत्र सॉफ्टवेअर उद्योगाला चालना मिळाली. मात्र हे व्यवहार मोठ्या संस्थांपुरते मर्यादित होते. व्यक्तीने स्वतःसाठी सॉफ्टवेअर विकत घेण्याची प्रथा तेव्हा अस्तित्वात नव्हती.

न्यू मेक्सिको राज्यातील अल्बुकर्की येथील मिट्स या कंपनीचा अल्टेअर ८८०० हा संगणक 'पॉप्युलर इलेक्ट्रॉनिक्स' मासिकाच्या जानेवारी १९७५च्या अंकात मुखपृष्ठावर झळकला. सुट्या भागांच्या संचाची किंमत ३९७ डॉलर होती. एवढ्या किमतीत मिळणाऱ्या यंत्राला कळफलक वा पडदा नव्हता आणि स्मृतीही नाममात्र होती. दर्शनी भागावरील खटके वरखाली करून त्याला आज्ञा द्याव्या लागत. हे यंत्र उपयोगात आणण्यासाठी सोप्या प्रोग्रॅमिंग भाषेची गरज होती. जॉन केमेनी व थॉमस कुर्ट्झ यांनी १९६४ मध्ये डार्टमथ कॉलेजात विकसित केलेली बेसिक ही भाषा त्यासाठी सोयीची ठरली.

बिल गेट्स व पॉल ॲलन यांनी हार्वर्ड विद्यापीठातील पीडीपी-१० संगणकावर इंटेल ८०८० या प्रक्रियकाची नक्कल करणारा प्रोग्रॅम चालवून अल्टेअरसाठी बेसिकचा अर्थान्वयक लिहिला. त्यातील दशांश गणिताचा भाग माँटे डेव्हिडॉफ यांनी लिहिला. जुलै १९७५ मध्ये मिट्सबरोबर करार झाला. त्यानुसार लेखकांना आरंभी ३,००० डॉलर आणि त्यानंतर विकल्या गेलेल्या प्रत्येक प्रतीमागे मानधन मिळणार होते. ८के आवृत्तीच्या एका प्रतीमागे हे मानधन ३५ डॉलर होते. विक्रीचे सर्व हक्क मिट्सकडे होते, त्यामुळे किंमत ठरवणे लेखकांच्या हाती नव्हते.

किमतीची रचना

मिट्सने बेसिकची किंमत यंत्राच्या विक्रीशी जोडली होती. अल्टेअर संगणक, मिट्सचे स्मृतिपट्ट आणि जोडणीचे पट्ट विकत घेणाऱ्यास ८के बेसिक ७५ डॉलरना मिळे. केवळ बेसिक हवे असणाऱ्यास मात्र ५०० डॉलर मोजावे लागत. म्हणजे सॉफ्टवेअर वेगळे घेतल्यास ते मूळ संगणकसंचापेक्षाही महाग पडे.

या रचनेमागे स्मृतिपट्टांची विक्री वाढवण्याचा हेतू होता. परंतु मिट्सचे ४के क्षमतेचे स्मृतिपट्ट सदोष असल्याच्या तक्रारी होत्या. प्रोसेसर टेक्नॉलॉजीसारख्या अन्य उत्पादकांचे पट्ट अधिक भरवशाचे मानले जात. ते पट्ट घेणारा ग्राहक सवलतीस अपात्र ठरे. अशा ग्राहकापुढे पाचशे डॉलर भरणे, नको असलेले पट्ट विकत घेणे किंवा मित्राकडून प्रत मिळवणे, असे तीनच मार्ग उरत.

प्रतींचा प्रसार

बेसिक हे छिद्रित कागदी फितीवर दिले जाई. फीत वाचणारे व छिद्रे पाडणारे यंत्र उपलब्ध असल्यास तिची प्रत काही मिनिटांत तयार होई. जून १९७५ मध्ये कॅलिफोर्नियातील पॅलो आल्टो येथे मिट्सने अल्टेअरचे प्रात्यक्षिक भरवले होते. तेथून बेसिकची एक फीत गहाळ झाली. पुढे तिच्या अनेक प्रती काढण्यात आल्या आणि त्या होमब्रू कॉम्प्युटर क्लबच्या बैठकीत वाटल्या गेल्या. ५ मार्च १९७५ रोजी मेनलो पार्क येथील एका गॅरेजमध्ये पहिली बैठक झालेल्या या मंडळात आराखडे, सुटे भाग व प्रोग्रॅम यांची मुक्त देवाणघेवाण हा सर्वमान्य शिरस्ता होता. अनेक सदस्यांच्या दृष्टीने फीत वाटणे हा त्याच शिरस्त्याचा भाग होता.

पत्राचा आशय

पत्रावर गेट्स यांनी मायक्रो-सॉफ्टचे भागीदार या नात्याने स्वाक्षरी केली होती. त्या वेळी त्यांचे वय २० वर्षे होते. पत्रातील प्रमुख मुद्दे पुढीलप्रमाणे आहेत :

- चांगले सॉफ्टवेअर व त्याची माहितीपुस्तिका यांच्या अभावी हौशी माणसाचा संगणक निरुपयोगी राहतो.
- बेसिकचे पहिले काम दोन महिन्यांत झाले असले, तरी पुढील जवळजवळ वर्षभर तिघांनी त्यात सुधारणा करण्यात व माहितीपुस्तिका तयार करण्यात घालवले. वापरलेल्या संगणकवेळेचे मूल्य ४०,००० डॉलरहून अधिक होते.
- वापरकर्त्यांचे अभिप्राय अनुकूल असले, तरी अल्टेअरधारकांपैकी दहा टक्क्यांहूनही कमी लोकांनी बेसिक विकत घेतले. मिळालेल्या मानधनाचा हिशेब केल्यास श्रमांचे मोल ताशी दोन डॉलरपेक्षाही कमी भरते.
- यंत्राचे पैसे द्यावे लागतात हे सर्वांना मान्य आहे. सॉफ्टवेअर मात्र वाटून घेण्याची वस्तू समजली जाते. ही चोरी आहे.
- मोबदला मिळणार नसेल तर व्यावसायिक दर्जाचे काम कोणीही करणार नाही. त्यामुळे नवे सॉफ्टवेअर लिहिण्याची प्रेरणाच नाहीशी होते.

ज्यांना पैसे भरायचे आहेत किंवा सूचना करायच्या आहेत त्यांनी पत्र पाठवावे, असे आवाहन शेवटी केले आहे. हे पत्र मिट्सच्या 'कॉम्प्युटर नोट्स' या वार्तापत्रात, होमब्रू क्लबच्या वार्तापत्रात व अन्य नियतकालिकांत प्रसिद्ध झाले. पत्रातील दहा टक्के व दोन डॉलर हे आकडे गेट्स यांनी स्वतः दिलेले आहेत.

वापरकर्त्यांच्या प्रतिक्रिया

पत्रावर संमिश्र, परंतु बहुतांशी प्रतिकूल प्रतिक्रिया उमटल्या. आपल्या संभाव्य ग्राहकांनाच सरसकट चोर ठरवणे व्यापाराच्या दृष्टीने शहाणपणाचे नाही, असे होमब्रू क्लबच्या वार्तापत्रातील एका उत्तरात म्हटले होते. सार्वजनिक निधीतून चालणाऱ्या विद्यापीठीय संगणकावर सॉफ्टवेअर तयार झाले असेल, तर त्याच्या खासगी मालकीचा दावा कितपत योग्य आहे, असाही प्रश्न विचारला गेला. संगणकाची जाहिरात कमी किमतीची असली तरी तो प्रत्यक्ष वापरण्यायोग्य करण्यास त्याहून कितीतरी अधिक खर्च येतो, याकडेही काहींनी लक्ष वेधले.

'डॉ. डॉब्ज जर्नल'चे संपादक जिम वॉरन यांनी किमतीचाच मुद्दा पुढे केला. सॉफ्टवेअर विनामूल्य असेल, किंवा प्रत काढण्याच्या खटाटोपापेक्षा विकत घेणे सोपे वाटेल इतके स्वस्त असेल, तर ते चोरले जाणार नाही, असे त्यांचे प्रतिपादन होते. याचे उदाहरण म्हणजे टायनी बेसिक. बेसिकच्या या छोट्या रूपाचा आराखडा पीपल्स कॉम्प्युटर कंपनी या संस्थेने प्रसिद्ध केला होता आणि अनेक हौशी प्रोग्रॅमरांनी त्यावरून आपापल्या आवृत्त्या लिहिल्या. टॉम पिटमन यांनी मोटोरोला ६८०० प्रक्रियकासाठीची आपली आवृत्ती अवघ्या पाच डॉलरना विकली. ली-चेन वांग यांनी १९७६ मध्ये आपल्या आवृत्तीवर स्वामित्वहक्काच्या नेहमीच्या सूचनेचे विडंबन करणारी ओळ घातली.

एप्रिल १९७६ मध्ये गेट्स यांचे दुसरे व शेवटचे पत्र प्रसिद्ध झाले. बहुसंख्य संगणकप्रेमी प्रामाणिक असून सॉफ्टवेअरच्या भवितव्याविषयीची चिंता त्यांनाही वाटते, असे त्यात त्यांनी नमूद केले.

आर्थिक आशय

या वादाच्या मुळाशी सॉफ्टवेअरच्या खर्चाचे वेगळे स्वरूप आहे. पहिली प्रत तयार करण्यास मोठे श्रम व भांडवल लागते. त्यानंतरच्या प्रत्येक प्रतीचा खर्च मात्र जवळजवळ शून्य असतो. निर्माता पहिल्या प्रतीचा खर्च डोळ्यांसमोर ठेवून किंमत योग्य ठरवतो, तर वापरकर्ता पुढच्या प्रतीचा खर्च पाहून तीच किंमत अवाजवी मानतो. दोघांचाही हिशेब आपापल्या जागी बरोबर असल्याने केवळ नैतिक आवाहनाने हा वाद मिटत नाही. किंमत कोणाकडून, केव्हा आणि कशाच्या बदल्यात घ्यायची, याची रचना त्यासाठी बदलावी लागते.

पुढील घडामोडी

१९७७ मध्ये मिट्स कंपनी पर्टेककडे गेली. त्याच वर्षी लवादाच्या निर्णयामुळे मायक्रोसॉफ्टला ८०८० बेसिक इतरांना विकण्याची मोकळीक मिळाली. त्यानंतर कंपनीने व्यक्तीऐवजी संगणक-उत्पादकांना परवाने देण्यावर भर दिला. कमोडोर व ॲपल यांनी एकरकमी शुल्क देऊन बेसिक घेतले. ग्राहकाला ते यंत्रासोबतच मिळू लागल्याने प्रत काढण्याचे कारणच उरले नाही.

इतरांनी वेगळ्या वाटा शोधल्या. १९८२ मध्ये अँड्र्यू फ्लुगेलमन व जिम नॉफ यांनी आधी वापरा, पसंत पडल्यास पैसे पाठवा या तत्त्वावर आपापले प्रोग्रॅम वितरित केले. या पद्धतीला पुढे शेअरवेअर असे नाव मिळाले. बोरलँड कंपनीने १९८३ मध्ये टर्बो पास्कल हे सॉफ्टवेअर ४९.९५ डॉलर इतक्या कमी किमतीत आणले. त्याच वर्षी रिचर्ड स्टॉलमन यांनी ग्नू प्रकल्पाची घोषणा करून सॉफ्टवेअर वाटून घेणे हा वापरकर्त्याचा हक्क असल्याची भूमिका मांडली. अलीकडच्या काळात मासिक वा वार्षिक वर्गणीची पद्धत रूढ झाली आहे. ॲडोबी कंपनीने २०१३ मध्ये आपल्या प्रमुख सॉफ्टवेअरच्या नव्या आवृत्त्या केवळ वर्गणीवर देण्याचे जाहीर केले, तेव्हा वापरकर्त्यांकडून पुन्हा किमतीविषयी तीव्र प्रतिक्रिया उमटल्या.

कायदेशीर स्थिती

पत्र लिहिले गेले तेव्हा अमेरिकेत सॉफ्टवेअरवरील स्वामित्वहक्काची स्थिती पुरेशी स्पष्ट नव्हती. १९८०च्या कायदेदुरुस्तीने संगणक प्रोग्रॅमचा स्पष्ट उल्लेख केला. भारतात १९५७च्या कॉपीराइट अधिनियमात १९८४ मध्ये दुरुस्ती होऊन संगणक प्रोग्रॅमचा समावेश साहित्यकृतीच्या व्याख्येत झाला. १९९४च्या दुरुस्तीने बेकायदा प्रत जाणूनबुजून वापरणे हा स्वतंत्र गुन्हा ठरवला. त्याचबरोबर कायदेशीर प्रत बाळगणाऱ्यास नुकसानीपासून संरक्षण म्हणून राखीव प्रत काढण्याची मुभाही दिली.