प्यादेमात आणि ६७२ बाइट

चिचगडच्या या सभेत आज आपण संगणकाच्या इतिहासातला एक लहानसा तुकडा पाहणार आहोत. विषय खेळाचा आहे. पण तत्त्वज्ञान शिकवण्यात आयुष्य गेलेल्या आमच्यासारख्यांना त्यात एक जुना प्रश्न दिसतो: खेळ म्हणजे नेमकं काय? पट, मोहरे, की नियम?

१९८१ साली ब्रिटनमध्ये सिंक्लेअर कंपनीचा झेडएक्स ८१ हा स्वस्त घरगुती संगणक आला. घरच्या टीव्हीला जोडायचा आणि प्रोग्रॅम कॅसेटवरून भरायचा. त्याची मूळ मेमरी एक किलोबाइट, म्हणजे १,०२४ बाइट. आज मोबाइलवर देवनागरीचं एक चिन्ह साठवायला साधारण तीन बाइट लागतात, काना-मात्रा वेगळे धरून. म्हणजे मराठीचा एखादा परिच्छेद लिहिला, की ते यंत्र भरलं!

एवढ्याशा जागेत डेव्हिड हॉर्न यांनी १९८२ मध्ये बुद्धिबळ बसवलं. प्रोग्रॅम अवघा ६७२ बाइटचा. यंत्र स्वतः प्रतिस्पर्धी होऊन चाली करायचं. मात्र तीन गोष्टी गाळाव्या लागल्या: किल्लेकोट, प्याद्याची बढती आणि ‘एन पासां’ ही प्याद्याची खास मार.

यातल्या दोन नियमांकडे नीट बघा. किल्लेकोट करायचा तर राजा किंवा हत्ती आधी हलला होता का, हे ठाऊक हवं. एन पासांसाठी समोरच्याची शेवटची चाल ठाऊक हवी. नुसता पट पाहून हे कळत नाही. मागचं लक्षात ठेवावं लागतं. आणि लक्षात ठेवायलाच तर जागा नव्हती.

मग ते बुद्धिबळ राहिलं का? आमचं उत्तर ‘हो’ असं आहे, आणि पुरावा आपल्याच घरातला आहे. आपल्या जुन्या देशी बुद्धिबळात आजच्यासारखा किल्लेकोट नव्हताच. त्याऐवजी राजाला एकदा घोड्याची उडी मारता येई. प्यादं पहिल्या चालीलाही एकच घर सरके, त्यामुळे एन पासांचा प्रश्नच उद्भवत नसे. मीर सुलतान खान हे देशी नियमांवर वाढलेले खेळाडू. पाश्चात्त्य नियम त्यांनी नंतर शिकून घेतले आणि १९२९ मध्ये ब्रिटिश अजिंक्यपद जिंकलं. नियम थोडे बदलले, तरी खेळाची समज त्यांच्याजवळ होतीच.

पण एक गोष्ट यंत्रात कधी गेली नाही. देशी खेळात सगळ्या माती सारख्या नव्हत्या. वजिराने मात करणं वेगळं आणि प्याद्याने करणं वेगळं. प्यादेमात फार मानाची. हरणाऱ्याला ती झोंबायची. बोलताना आपण आजही ‘प्यादेमात केली’ म्हणतो, ते इथूनच. यंत्राला मात तेवढी कळते. मान कळत नाही, कारण तो कुणी नियमात लिहून दिलेला नाही.

१९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात सिंक्लेअरचाच पुढचा संगणक, स्पेक्ट्रम प्लस, डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सने परवान्यावर भारतात आणला. मेमरी ४८ किलोबाइट झाली आणि किल्लेकोटाला जागा मिळाली. पण त्यावरच्या बुद्धिबळाचे नियम आंतरराष्ट्रीयच होते. यात यंत्राचा दोष नाही. संगणकाला प्रत्येक नियम अगदी स्पष्ट लिहून द्यावा लागतो. ज्यांचे नियम छापलेले होते त्यांचा खेळ त्यात गेला. ज्यांचे नियम ओसरीवर, तोंडी होते त्यांचा बाहेर राहिला.

देशी बुद्धिबळाचे नियम गावागणिक थोडे वेगळे असत. वाघ-बकरीचं आणि कवड्यांच्या खेळांचंही तसंच. ते जाणणारी पिढी आता आमच्या वयाची, किंवा आमच्याहून थोर आहे. तेव्हा आज घरी गेल्यावर आजोबा-आजींना विचारा: तुमच्याकडे प्यादं शेवटच्या घरात पोचलं की त्याचं काय होई? कोणती मात मानाची? जे सांगतील ते वहीत उतरवून ठेवा. ६७२ बाइटमध्ये बुद्धिबळ मावलं. मग आपल्या गावचे नियम दोन पानांत सहज मावतील.