काडी, राखुंडी, मिश्री, मंजन: महाराष्ट्रातील मुलांच्या दंतरक्षणाचा इतिहास

दात घासण्याची साधने महाराष्ट्रात शतकानुशतके बदलत आली. तथापि लहान मूल ही सवय ज्या वाटेने उचलते ती वाट मात्र बदललेली नाही. घरातील वडीलधारी माणसे सकाळी जे तोंडात घालतात तेच मूलही घालू पाहते, आणि त्यामुळे मोठ्यांच्या सवयीतील गुण आणि दोष या दोहोंचा वारसा त्याच्या दातांना मिळतो. मुलांच्या दंतरक्षणाचा इतिहास लिहायचा तर तो या अनुकरणाच्या अंगाने लिहावा लागतो, कारण मुलासाठी म्हणून वेगळे साधन घडवण्याचा विचार पुष्कळ उशिरा झाला.

आयुर्वेदाच्या ग्रंथांत दंतधावनाचा, म्हणजे दात स्वच्छ करण्याच्या नित्यकर्माचा, विचार तपशिलाने आला आहे. सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानात दातवणाची काडी बारा अंगुळे लांब, करंगळीएवढी जाड, सरळ, ताजी आणि गाठी नसलेली असावी असे सांगून कडू रसाच्या झाडांत निंब, तुरट रसाच्या झाडांत खैर, तिखट रसाच्या झाडांत करंज आणि मधुर रसाच्या झाडांत मोह श्रेष्ठ मानला आहे. काडीचे टोक मऊ कुंचल्यासारखे करून, हिरड्यांना इजा न होऊ देता, एकेक दात घासावा ही त्यातील सूचना आजच्या दंतवैद्यालाही मान्य होण्यासारखी आहे. हे नियम मुख्यतः प्रौढांच्या दिनचर्येसाठी होते. मात्र वाग्भटाने अष्टांगहृदयात पाच वर्षांखालील मुलास कवल, म्हणजे औषधी द्रवाची गुळणी, देऊ नये असा वयाचा निर्बंध घातला आहे, आणि तोंडातील द्रव न गिळता बाहेर टाकणे लहान मुलाला साधत नाही हे ध्यानात घेतले, तर त्या निर्बंधाचे मोल आजही उमगते.

बालकाच्या दातांचा स्वतंत्र विचार कौमारभृत्यात, म्हणजे बालचिकित्सेच्या शाखेत, आढळतो. नेपाळात मिळालेल्या हस्तलिखितावरून 1938 साली प्रसिद्ध झालेल्या काश्यपसंहितेत दातांच्या जन्मावर एक अध्याय असून, त्यात बत्तीस दातांपैकी आठ एकदाच उगवणारे आणि उरलेले द्विज, म्हणजे दोनदा जन्मणारे, अशी विभागणी केली आहे. आजच्या शरीरशास्त्राप्रमाणे दुधाचे दात वीस असतात, आणि ज्यांच्या जागी आधी दुधाचा दात नसतो अशा दाढा बारा असतात. संख्येत फरक असला तरी काही दात पुन्हा येत नाहीत, गेले की कायमचे जातात, हे तत्त्व त्या ग्रंथकाराने अचूक हेरले होते. दात येताना होणाऱ्या त्रासाबद्दल वाग्भटाने मधासह पिंपळीचे, किंवा धायटीची फुले आणि आवळा यांचे, चूर्ण हिरड्यांवर हलकेच चोळावे असे सांगितले. शिवाय दात आल्यावर हे विकार बहुधा आपोआप शमतात, म्हणून बालकावर उपचारांची फार जबरदस्ती करू नये, असाही विवेकी सल्ला दिला.

ग्रंथांतील दातवण खेड्यापाड्यांत कडुनिंबाच्या आणि बाभळीच्या काडीच्या रूपाने टिकून राहिले, तर घराघरांत राखुंडीचा, म्हणजे गोवरीच्या बारीक वस्त्रगाळ राखेचा, वापर रुजला आणि तिच्यात कोठे मीठ तर कोठे इतर जिन्नस मिसळले जाऊ लागले. राखुंडी बोटाने घासली जाई, आणि लहान मुलाचे दात आई किंवा आजी स्वतःच्या बोटाने घाशी. त्यामुळे काडी न सोसणाऱ्या कोवळ्या हिरड्यांनाही ती चाले, मात्र राख भरड राहिली तर दातांवर ओरखडे पडत. दाढ किडली की तिच्यात कीड शिरली असे मानून भुईरिंगणीच्या बियांची धुरी देण्याचा उपायही लोकांत रूढ होता. पडलेला दुधाचा दात शेणाच्या गोळ्यात घालून कौलावर टाकण्याची किंवा उंदराच्या बिळात ठेवण्याची चाल नवा दात बळकट यावा या इच्छेतून आली. तथापि दुधाचा दात पडणारच आहे या समजुतीमुळे तो किडला तरी त्याकडे दुर्लक्ष करण्याची वृत्तीही बळावली.

मोठ्यांच्या अनुकरणाची सर्वांत दुःखद बाजू मिश्रीच्या इतिहासात दिसते. मिश्री म्हणजे तंबाखू भाजून केलेली काळी पूड. ती दात घासण्यासाठी म्हणून सुरू होई आणि दिवसातून अनेकदा लावण्याचे व्यसन होऊन बसे. विशेषतः ग्रामीण स्त्रियांत तिचा प्रसार मोठा होता, आणि दात घासायची पूड म्हणूनच ती घरात असल्यामुळे मुलीही तिच्याकडे सहज वळत. तंबाखूच्या अशा सवयींच्या संदर्भात टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या दंतसंशोधन विभागाने महाराष्ट्रातील 1,01,761 ग्रामस्थांची मुखतपासणी करून 1972 साली मुखकर्करोग आणि ल्युकोप्लाकिया, म्हणजे तोंडाच्या अस्तरावर पडणारे पांढरे चट्टे, यांचा तपशील प्रसिद्ध केला. पुढे 1992 साली केंद्र शासनाने टूथपेस्ट आणि दंतमंजनात तंबाखू वापरण्यास बंदी घातली, तरी घरी भाजल्या जाणाऱ्या मिश्रीपर्यंत कायद्याचा हात पोचणे कठीण होते.

विसाव्या शतकात तयार मंजनांनी राखुंडीची जागा घेण्यास सुरुवात केली. माकड छाप काळी पावडर मुंबईपासून गावोगावच्या दुकानांत पोचली, आणि केशव विष्णु पेंढरकर यांनी 1952 साली मुंबईत स्थापन केलेल्या विको कंपनीने वज्रदंती, म्हणजे कोरांटी, या वनस्पतीच्या नावाने आयुर्वेदिक मंजन विकले. त्याच काळात मुलांच्या आहारातही पालट झाला. विलेपार्ल्याच्या पार्ले कारखान्यात 1929 साली गोड गोळ्या बनू लागल्या, आणि प्रवरानगरच्या सहकारी कारखान्यापासून पुढे साखर हे राज्याच्या अर्थकारणाचे एक प्रमुख अंग बनले. तोंडातील जिवाणू साखरेपासून आम्ल तयार करतात आणि त्या आम्लाने दाताचा टणक थर विरघळतो, हे विलोबी मिलर या संशोधकाने 1890 साली मांडले होते. धुरीने बाहेर काढायची कीड मुळात नव्हती. खरा धोका वारंवार खाल्ल्या जाणाऱ्या गोडात होता, आणि मंजन बदलल्याने तो आपोआप टळणारा नव्हता.

शासनाच्या पातळीवर मुलांच्या दातांना ठळक स्थान मिळण्यास एकविसावे शतक उजाडले. फेब्रुवारी 2013 मध्ये पालघर येथून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडीतील आणि शाळेतील मुलांच्या तपासणीत दातांच्या विकारांचाही समावेश करण्यात आला. अशा तपासणीला महत्त्व आहे, कारण दुधाचा दात पुढच्या दाताची जागा राखून ठेवतो, आणि सहाव्या वर्षाच्या सुमारास दुधाच्या दाढांच्या मागे, कोणताही दात न पडता, पहिली कायमची दाढ उगवते. तिला दुधाची समजून अनेक पालक तिच्याकडे लक्ष देत नाहीत, आणि एकदाच उगवणाऱ्या दातांपैकी हा पहिला दात अनेकदा काही वर्षांतच किडून जातो.

आजचे दंतवैद्य तीन वर्षांपर्यंतच्या मुलास तांदळाच्या दाण्याएवढी आणि त्यानंतर सहा वर्षांपर्यंत वाटाण्याएवढी फ्लोराइडयुक्त पेस्ट पुरेशी मानतात, आणि साधारण सात-आठ वर्षांचे होईपर्यंत मुलाचे दात मोठ्या माणसाने स्वतः घासून द्यावेत असे सांगतात. राखुंडी बोटावर घेऊन नातवंडाच्या हिरड्यांवरून हळुवार फिरवणाऱ्या आजीचे साधन कालबाह्य झाले आहे. तिचा हात मात्र नाही. या प्रदेशातील मुलांच्या दातांनी जे भोगले त्यातील बरेच त्या हाताने चुकीची वस्तू उचलल्यामुळे भोगले, आणि जे वाचले तेही त्याच हाताने रोज केलेल्या कामामुळे वाचले.