उताऱ्याखालचे प्रश्न

मराठी मध्यम वर्गाच्या घरांत ज्या मोजक्या परकी शब्दांस एखाद्या संस्काराची प्रतिष्ठा लाभली, त्यांत 'मॅट्रिक' ह्या शब्दाचा मान पहिला लागेल. मुलगा मॅट्रिक झाला म्हणजे तो कचेरीत चिकटण्यास पात्र ठरे, उपवर मुलींच्या बापांची दृष्टी त्याजकडे वळे. आणि नापास झाला तरी 'मॅट्रिक फेल' ही देखील एक पायरीच समजून नावापुढे सांगितली जाई. ह्या परीक्षेवर विनोद पुष्कळ झाला. परंतु तिच्यातील इंग्रजीच्या कागदावर मुलांस नेमके काय विचारले जात होते, आणि त्यासाठी ती काय शिकत होती, ह्याची विचारपूस फारशी होत नाही. आज विद्यापीठांच्या प्रवेशपरीक्षांत इंग्रजी उतारा व त्याखालचे प्रश्न ह्यांस पुन्हा मोठे महत्त्व आले असून त्यांचा सराव करवून घेणारे वर्ग गल्लोगल्ली निघाले आहेत. तेव्हा ती विचारपूस येथे थोडी करण्याचे योजिले आहे.

इ. स. १८५४ साली सर चार्ल्स वुड यांचा शिक्षणविषयक खलिता लंडनहून निघाला. हिंदुस्थानात विद्यापीठे काढावीत व ती लंडनच्या विद्यापीठाच्या धर्तीवर काढावीत, असे त्यात सांगितले होते. लंडनचे हे विद्यापीठ १८३६ साली सनद मिळून स्थापन झाले ते मुख्यतः परीक्षा घेऊन पदव्या देण्यासाठी; शिकविणे हे त्याचे काम नव्हते. तोच नमुना उचलून १८५७ साली कलकत्ता, मुंबई व मद्रास येथे तीन विद्यापीठे निघाली. मुंबईचा कायदा १८ जुलै रोजी मंजूर झाला, तेव्हा उत्तरेकडे तोफा धडधडत होत्या. शिकविण्याचे काम शाळा-कॉलेजांचे व पारख करण्याचे काम विद्यापीठाचे, ही वाटणी कागदावर मोठी नीटस दिसते. तिचा परिणाम मात्र असा झाला की शिकविणाऱ्यास परीक्षकाचे मन कळेना व परीक्षकास वर्ग दिसेना. आणि दोहोंमध्ये जी एकच वस्तू ये-जा करीत होती, ती प्रश्नपत्रिका, हाच खरा अभ्यासक्रम होऊन बसला.

मुंबईची पहिली प्रवेशपरीक्षा १८५९ साली झाली. उत्तीर्ण झालेले जेमतेम वीस-बावीस. परंतु त्यांत महादेव गोविंद रानडे व रामकृष्ण गोपाळ भांडारकर ही नावे होती! कॉलेजातील सर्व विषय इंग्रजीतून शिकविले जावयाचे असल्यामुळे ह्या परीक्षेतील इंग्रजीच्या कागदाचे प्रयोजन अगदी साधे होते. समोर बसलेल्या मुलास इंग्रजी पुस्तक वाचून कळेल काय, एवढेच त्याने ठरवावयाचे होते.

परंतु साधा प्रश्न साधेपणाने विचारणे परीक्षकांस सहसा साधत नाही. त्या काळच्या कागदांत व्याकरण, वाक्यांचे पृथक्करण, भाषांतर आणि 'पॅरफ्रेज' ह्यांचे राज्य होते. पॅरफ्रेज म्हणजे दिलेल्या कवितेचा अर्थ आपल्या शब्दांत गद्यात उतरविणे. ही कसोटी वाईट मुळीच नव्हे. मला तर ती आजच्या कित्येक कसोट्यांहून अधिक प्रामाणिक वाटते, कारण अर्थ न कळता पॅरफ्रेज करावयास बसलेला मुलगा दुसऱ्या ओळीलाच उघडा पडतो. वाक्यपृथक्करणाचा तर मराठीस प्रत्यक्ष लाभ झाला. आगरकरांनी १८८८ साली 'वाक्यमीमांसा' लिहिली, तीत इंग्रजी व्याकरणाची ही रीत मराठी वाक्यांस लावून पाहिलेली आहे. तथापि, ज्या मुलाची मुळी शब्दांचीच पुंजी तोकडी, त्यास 'आपल्या शब्दांत सांग' असे म्हटल्यावर त्याने शब्द आणावेत कोठून? ते दुसऱ्याने पुरविले. परीक्षेस नेमलेल्या पुस्तकांच्या किल्ल्या, म्हणजे 'कीज्', बाजारात आल्या. त्यांत प्रत्येक कठीण शब्दास सोपा प्रतिशब्द, प्रत्येक कडव्याचा तयार अन्वय आणि संभाव्य प्रश्नांची तयार उत्तरे असत. मुलगा मूळ पुस्तक बाजूस ठेवून किल्ली पाठ करी. कुलूप कधी पाहिलेच नाही, अशा माणसाच्या कमरेला किल्ल्यांचा जुडगा असावा, त्यातला हा प्रकार होय.

ह्याबद्दल मुलांस दोष देणे सोपे आहे. तालुक्याच्या गावी ज्याच्या कानांवर शाळेबाहेर इंग्रजीचा शब्द पडत नसे, ज्याच्या वडिलांनी शेत गहाण टाकून त्यास पुण्यास ठेवले असे, आणि ज्याची नोकरी, घरच्यांचा चरितार्थ व बहिणीचे लग्न त्या एका कागदावर अवलंबून असे, त्याने किल्ली पाठ केली नसती तर मला नवल वाटले असते.

लॉर्ड कर्झन यांनी १९०२ साली नेमलेल्या विद्यापीठ आयोगास हा रोग दिसला होता. मॅट्रिक होऊन कॉलेजात आलेल्या मुलांस इंग्रजी व्याख्याने समजत नाहीत, अशी तक्रार त्याच्या अहवालात नमूद आहे. जी परीक्षा ही व्याख्याने कळतील एवढी खात्री करून घेण्यासाठीच होती, तिच्याविषयी ह्याहून कठोर अभिप्राय कोणता असणार? आयोगाने सुचविलेला एक उपाय असा, की प्रवेशपरीक्षेस इंग्रजीचे पुस्तकच नेमू नये. पुस्तक नाही म्हणजे किल्ली नाही, आणि किल्ली नाही म्हणजे न पाहिलेला उतारा वाचून त्यावर उत्तरे देण्यावाचून मुलास गत्यंतर नाही, असे त्यामागचे तर्कशास्त्र. ते बिनचूक होते. फक्त व्यापाऱ्यांची कल्पकता त्यात धरलेली नव्हती. पुढे 'न पाहिलेल्या' उताऱ्यांचेच संग्रह उत्तरांसह छापून निघाले, आणि न पाहिलेले ते सर्व आधी पाहून ठेवण्याची सोय झाली.

दरम्यान, वाचून कळणे ही क्रिया आहे तरी काय, ह्याचा शोध अमेरिकेत सुरू झाला होता. कोलंबिया येथील मानसशास्त्रज्ञ एडवर्ड थॉर्नडाइक यांनी १९१७ साली ह्या विषयावर एक छोटासा निबंध लिहिला. फ्रँकलिन नावाच्या एका गावी मुलांनी शाळेत कोणत्या वयात हजर राहिलेच पाहिजे व कोणत्या कारणांनी गैरहजेरी माफ होते, एवढेच सांगणारा एक लहानसा उतारा त्यांनी मुलांपुढे ठेवला व त्यावर प्रश्न विचारले. उताऱ्याचा विषय कोणता, ह्या प्रश्नास कोणी त्या गावाचेच नाव सांगितले, कोणी आजारपण, कोणी आणखी काही. मुले त्यांचीच होती, भाषा त्यांच्या घरची होती, शब्दही कठीण नव्हते. आणि तरीही ही गत. थॉर्नडाइक यांनी ह्यावरून असे दाखविले की वाचणारा मुलगा एखाद्याच शब्दाच्या जोरास बळी पडतो, तो शब्द मनात वाजवीपेक्षा फुगतो, आणि 'जर', 'परंतु', 'खेरीज' हे वाक्यांचे सांधे निसटून जातात. उतारा समजणे हे गणित सोडविण्यासारखे आहे. प्रत्येक घटकास योग्य तेवढेच वजन द्यावे लागते. ज्यास आपण इंग्रजीचे अज्ञान म्हणत आलो त्यातील बराच भाग इंग्रजीचा नसून वाचनाचा होता, असे ह्यावरून म्हणता येते. दुर्दैवाने त्याच सुमारास त्याच देशात दुसरीही एक युक्ती निघाली. कॅन्सस येथील फ्रेडरिक केली यांनी मूकवाचनाच्या कसोटीत दिलेल्या पर्यायांतून एक निवडण्याची पद्धत आणली. तपासणाऱ्याचे काम तिने फार हलके केले. १९२६ साली तेथील कॉलेजप्रवेशासाठी जी नवी अभिक्षमता-चाचणी प्रथम घेतली गेली, तीत परिच्छेदवाचनाचा स्वतंत्र विभाग होता. आपल्या आजच्या प्रश्नपत्रिकांची वंशावळ लंडनपेक्षा ह्या घराण्याकडे अधिक जाते.

तथापि परक्या भाषेच्या वाचनाचा प्रश्न आपल्याच देशात एका माणसाने फार जवळून पाहिला होता. मायकेल वेस्ट हे ढाक्याच्या शिक्षक-प्रशिक्षण महाविद्यालयाचे प्रमुख होते. बंगाली मुलांच्या द्विभाषिकतेविषयीचा त्यांचा ग्रंथ १९२६ साली सरकारने प्रसिद्ध केला. त्यातील एक कल्पना मला विशेष मोलाची वाटते, व ती त्यांनी विम्याच्या व्यवहारातून उचललेली आहे. विम्याचे हप्ते मध्येच बंद केले तर भरलेल्या पैशांपैकी किती परत मिळते, हे विमेदार आधी विचारतो. तसेच, जो मुलगा इंग्रजीचा अभ्यास अर्ध्यावर सोडील, आणि पुष्कळसे सोडतातच, त्याच्या पदरात काय पडेल, हे शिक्षकाने विचारले पाहिजे. बोलण्याचा अर्धवट अभ्यास व्यर्थ, लिहिण्याचा त्याहून व्यर्थ. पण थोडे जरी वाचता येऊ लागले असेल तरी ते उपयोगी पडते व पुढे वाढते. म्हणून आधी वाचन शिकवावे, असे त्यांचे म्हणणे. त्यांनी प्रचलित वाचनपुस्तके तपासली तेव्हा त्यांत पानोपानी नव्या शब्दांची गर्दी आढळली. नवे शब्द विरळ पेरून व तेच पुन्हा पुन्हा आणून त्यांनी स्वतः पुस्तके रचली. मोजक्या शब्दांत मोठ्या गोष्टी सांगणारी जी सोपी इंग्रजी पुस्तके आजही ग्रंथालयांत आढळतात, त्यांच्या परंपरेच्या मुळाशी हे ढाक्याचे काम आहे. आपल्या शाळांनी मात्र नेस्फील्ड यांच्या व पुढे रेन आणि मार्टिन यांच्या व्याकरणांवर अधिक भिस्त ठेवली. (ह्यांतील रेन हे मुंबई इलाख्याच्या शिक्षणखात्यात होते, आणि १९२४ साली 'बो जेस्ट' ही साहसकथा लिहून जगप्रसिद्ध झालेले कादंबरीकार तेच, हे व्याकरणाच्या धाकात वाढलेल्या फार थोड्यांस ठाऊक असेल.)

येथे एका गोष्टीचे मला राहून राहून आश्चर्य वाटते. वाचलेल्याचा अर्थ कसा लावावा, ह्याचे शास्त्र आपल्यास नवे नव्हते. वाक्यातील पदे एकमेकांची अपेक्षा करतात, त्यांचा मेळ अर्थाच्या दृष्टीने शक्य असावा लागतो, व ती जवळजवळ यावी लागतात. ह्यांसच आपले शास्त्रकार आकांक्षा, योग्यता व संनिधि म्हणतात. ग्रंथाचे तात्पर्य काढावयाचे तर मीमांसकांनी खुणा सांगून ठेविल्या आहेत: आरंभ व शेवट कशाने केला, पुन्हा पुन्हा काय सांगितले, नवे काय सांगितले, त्याचे फल कोणते, केवळ स्तुतीचा भाग कोणता, आणि युक्तिवाद कशाच्या सिद्धीसाठी आहे. लोकमान्य टिळकांनी १९१५ सालच्या 'गीतारहस्या'च्या आरंभीच ह्या खुणा पुढे ठेवून मग गीतेच्या तात्पर्यास हात घातला. उताऱ्याखाली 'योग्य शीर्षक द्या' किंवा 'लेखकाचा मुख्य मुद्दा कोणता' असे जे आज विचारतात, ते ह्याहून वेगळे काय विचारतात? एकाच शाळेत सकाळी संस्कृतचे शास्त्रीबुवा श्लोकाचा अन्वय लावून घेत आणि दुपारी इंग्रजीचे मास्तर किल्लीतला अर्थ लिहून देत. दोन्ही तासांस मुले तीच; पण सकाळची विद्या दुपारी वापरावी, हे मधल्या भिंतीमुळे कोणास सुचले नाही.

आणि तरी ही सकाळची विद्या सर्वांची नव्हती, हेही येथेच सांगितले पाहिजे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९०७ साली मॅट्रिक झाले. त्यांस शाळेत संस्कृत शिकण्याची इच्छा होती, परंतु जातीमुळे ती वाट बंद झाली व त्यांस फारसी घ्यावी लागली. इंग्रजीच्या कागदावरील उताऱ्याने मात्र कोणाची जात विचारली नाही. 'न पाहिलेला' उतारा हा निदान तत्त्वतः सर्वांनीच न पाहिलेला असतो. व्यवहारात ज्याच्या घरी इंग्रजी वर्तमानपत्र येते त्यास तो अर्धा पाहिलेला असतो, हे खरे. परंतु ती तफावत वाचनालयाने भरून काढता येण्याजोगी आहे, शास्त्रीबुवांच्या नकाराची तशी नव्हती. ह्यासाठीच उताऱ्याच्या परीक्षेस सरसकट नावे ठेवणाऱ्यांच्या पंक्तीस मी बसत नाही.

स्वातंत्र्यानंतरचा भाग थोडक्यात आटोपतो. मॅट्रिक विद्यापीठाकडून मंडळाकडे गेली व तिची एस. एस. सी. झाली. खेर मंत्रिमंडळाच्या धोरणाने इंग्रजीचा आरंभ आठवीपर्यंत मागे गेला. पुढे तो पुन्हा अलीकडे आला आणि २००० सालापासून महाराष्ट्रात पहिलीतच इंग्रजी सुरू झाले. इंग्रजी कधी सुरू करावी ह्यावर जेवढा वाद झाला, त्याच्या दशांशही ती कशी वाचावी ह्यावर झाला नाही.

केंद्रीय विद्यापीठांच्या प्रवेशासाठी २०२२ पासून जी सामाईक परीक्षा सुरू झाली, तीत भाषेची पारख मुख्यतः उताऱ्यांवरून होते. ज्या तेरा भाषांतून विद्यार्थ्यास भाषा निवडता येते, त्यांत इंग्रजीबरोबर मराठीही आहे. रानड्यांनी आयुष्याच्या अखेरीपर्यंत खटपट करून जिला विद्यापीठाच्या परीक्षांत परत जागा मिळवून दिली, त्या मराठीचा न पाहिलेला उतारा आता प्रवेशाच्या दारातच उभा आहे. इंग्रजीच्या सरावास येणाऱ्या माझ्या विद्यार्थ्यांपुढे मी अलीकडे मुद्दाम असा एक मराठी उतारा ठेवला. गावात नळ आला, विहिरीवरचा रहाट काढला, आणि पाण्याला जाण्याच्या निमित्ताने बायकांचे जे एकत्र बोलणेचालणे होई ते थांबले, एवढाच त्याचा विषय. शीर्षकासाठी चार पर्याय दिले होते. निम्म्याहून अधिक मुलांनी 'विहीर' हा पर्याय निवडला, कारण तो शब्द उताऱ्यात सात वेळा आला होता. प्रश्न आधी वाचावेत, मग त्यांतील शब्द उताऱ्यात शोधावेत, असे त्यांस शिकवणीच्या वर्गात सांगितलेले होते, आणि त्यांनी ते मन लावून केले होते. मग प्रश्नांचा कागद गोळा करून घेतला, आणि उतारा पहिल्या वाक्यापासून मोठ्याने वाचावयास एका मुलीस सांगितले. 'नळ आल्यावर' हे शीर्षक तिने तिसऱ्या वाक्याशी थांबून आपण होऊन सांगितले.