उकिरडा आणि नगरपालिका

घरांतील केर दाराबाहेर टाकला म्हणजे आपलें कर्तव्य संपलें, ही समजूत फार जुनी आहे. खेड्यांत ती खपून जाई. कारण राख, शेण, साली हें सारें उकिरड्यावर कुजे आणि खत होऊन वऱ्हाडच्या काळ्या रानांत परत जाई. अमरावती व अकोला हीं कापसाच्या व्यापारानें वाढलेलीं शहरें. दाट वस्तींत प्रत्येकाचा उकिरडा कोठें असणार? म्हणून हें काम नगरपालिकेकडे आलें. १९२२ च्या मध्यप्रांत-वऱ्हाड म्युनिसिपल कायद्यानें रस्ते झाडणें व घाण हलविणें हें तिचें बंधनकारक कर्तव्य ठरविलें. १९८३ सालीं अमरावतीस व २००१ सालीं अकोल्यास महानगरपालिका आली. जबाबदारी तीच राहिली.

बदलला तो कचरा. प्लास्टिक कुजत नाहीं आणि ओल्या केरांत मिसळलें म्हणजे खतही बिघडवितें. अशा मिसळलेल्या कचऱ्याचे ढीग अमरावतीनजीक सुकळी येथें साठत गेले. म्हणून २०१६ च्या नियमांनीं ओला, सुका व घातक असे भाग घरींच करण्याचें बंधन घातलें.

अमरावती जिल्ह्यांत १८७६ सालीं जन्मलेले गाडगेबाबा दिवसा गांव झाडीत व रात्रीं कीर्तन करीत. त्यांचें नांव आपण विद्यापीठास दिलें. झाडू मात्र सफाई-कामगाराच्याच हातीं ठेवला. आपण वेगळा न केलेला कचरा शेवटीं कोणास तरी हातानें निवडावा लागतो. त्या हातांचें एवढें देणें प्रत्येक घरानें फेडावयास हवें.