रक्तरसातील अल्ब्युमिनचे मापन

रक्तरसातील अल्ब्युमिनचे मापन ही यकृत व मूत्रपिंड यांच्या विकारांत नेहमी केली जाणारी प्रयोगशाळा-चाचणी होय. अल्ब्युमिन हे रक्तद्रवात सर्वाधिक प्रमाणात आढळणारे प्रथिन असून ते यकृतात तयार होते. निरोगी प्रौढ व्यक्तीत त्याचे प्रमाण दर डेसीलिटरला साधारणतः ३.५ ते ५ ग्रॅम असते. गंभीर आजारात ते झपाट्याने घटते, ते केवळ उपासमारीमुळे नव्हे. दाहामुळे केशवाहिन्यांतून अल्ब्युमिन बाहेर झिरपते, यकृतातील निर्मिती मंदावते आणि शिरेवाटे दिलेल्या द्रवांमुळे रक्तही पातळ होते.

== रंजकद्रव्य पद्धती ==

बहुतेक प्रयोगशाळांत ब्रोमोक्रेसॉल ग्रीन किंवा ब्रोमोक्रेसॉल पर्पल यांपैकी एक रंजकद्रव्य वापरतात. ते अल्ब्युमिनला चिकटले की द्रावणाचा रंग बदलतो आणि त्या बदलावरून प्रमाण काढले जाते. नावे जुळ्या भावांसारखी असली, तरी दोहोंचे गुणधर्म भिन्न आहेत.

ग्रीन पद्धत स्वस्त व जलद आहे. परंतु हे रंजक अल्फा ग्लोब्युलिनांनाही चिकटते. दाहाच्या अवस्थेत यांतील काही प्रथिने वाढतात, म्हणजे अल्ब्युमिन सर्वांत कमी असते नेमक्या त्याच वेळी ही पद्धत ते फुगवून दाखवते. ग्लोब्युलिनांशी होणारी अभिक्रिया सावकाश होत असल्याने पहिल्या काही सेकंदांतच वाचन घेतल्यास दोष कमी होतो, मात्र नाहीसा होत नाही.

पर्पल पद्धत अधिक विशिष्ट आहे. तथापि डायलिसिसवरील रुग्णांत आणि तीव्र काविळीत ती अल्ब्युमिन प्रत्यक्षाहून कमी दाखवू शकते.

== प्रतिपिंडांवर आधारित पद्धती ==

यांत केवळ अल्ब्युमिनशी संयोग पावणारे प्रतिपिंड मिसळून द्रावणाची गढूळता मोजतात. अचूकतेत या पद्धती सरस ठरतात व तुलनेसाठी त्याच प्रमाण मानल्या जातात. खर्च अधिक असल्याने त्यांचा दैनंदिन वापर मर्यादित आहे.

== उपचारांवरील परिणाम ==

काही ग्रॅमांशांचा हा फरक क्षुल्लक नाही. एकूण कॅल्शियमच्या आकड्यात अल्ब्युमिननुसार दुरुस्ती करताना, अल्ब्युमिन ४ ग्रॅमपेक्षा जितके कमी असेल त्या फरकाला ०.८ ने गुणून ती संख्या कॅल्शियममध्ये मिळवतात. समजा, कॅल्शियम ७.४ मिलिग्रॅम आहे. अल्ब्युमिन २ ग्रॅम धरल्यास दुरुस्त आकडा ९ येतो, म्हणजे सामान्य, तेच २.७ धरल्यास ८.४४ येतो आणि नसलेली कमतरता दिसू लागते. म्हणून अतिदक्षता विभागात आयनरूप कॅल्शियम थेट मोजणे अधिक विश्वसनीय ठरते.

मेम्ब्रेनस नेफ्रोपॅथी या मूत्रपिंडविकारात रक्ताच्या गुठळ्यांचा धोका ठरवताना केडीआयजीओच्या २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांनी ही भिन्नता लक्षात घेतली आहे. ग्रीन पद्धतीने आलेली २.५ ग्रॅमची मर्यादा पर्पल किंवा प्रतिपिंड पद्धतीसाठी २ ग्रॅम धरावी, असे त्यांत नमूद आहे.