न विझणारा, न मळणारा

भाजलेल्या चुन्याच्या कळीवर पाणी ओतलं की ती फसफसते, तापते. याला आपण ‘चुना विझवणं’ म्हणतो. जुन्या ग्रीकांनाही हेच सुचलं होतं. न विझवलेल्या चुन्याला ते ‘आस्बेस्तोस’ म्हणत, आणि ग्रीसमध्ये आजही चुना म्हणजे ‘अस्वेस्तिस’च. आपण ज्या तंतुमय दगडाला अ‍ॅस्बेस्टॉस म्हणतो, त्याला ग्रीकांचा शब्द होता ‘आमिआन्तोस’, न मळणारा. त्याचं कापड मळलं की विस्तवात टाकायचं. मळ जळून जाई आणि कापड स्वच्छ निघे. पुढे नावांची सरमिसळ झाली. इंग्रजीने चुन्याचा शब्द उचलला, फ्रेंच आणि इटालियनने दगडाचा जपला.

1901 साली ऑस्ट्रियाच्या लुडविग हाचेकने सिमेंटमध्ये हा तंतू मिसळून पातळ पत्रे करण्याचं पेटंट मिळवलं. त्या मालाचं नाव पडलं ‘एटर्निट’, लॅटिनमधल्या चिरंतनतेवरून. न विझणारा, न मळणारा, चिरंतन! तिन्ही गुण खरे आहेत. पण पत्रा कापताना उडणारी धूळ यांतल्या एकाही नावात नाही. आपला ‘सिमेंटचा पत्रा’ तर तंतूचं नावही घेत नाही. मग भोक पाडून हूक बसवणारा माणूस नाकातोंडाला फडकं तरी कशाला बांधेल?

श्वासातून आत गेलेला कण गिळून टाकायला फुप्फुसात भक्षक पेशी असतात. तंतू पेशीपेक्षा लांब असला तर तो अर्धाच गिळला जातो. ना पचतो, ना बाहेर पडतो. तिथे वर्षानुवर्षं दाह चालू राहतो. 1960 मध्ये वॅगनर आणि सहकाऱ्यांनी दक्षिण आफ्रिकेच्या केप प्रांतातले फुप्फुसाच्या आवरणाच्या कर्करोगाचे 33 रुग्ण नोंदवले. त्यांतल्या कितीकांनी अ‍ॅस्बेस्टॉसच्या खाणीत कधी कामच केलं नव्हतं, ते फक्त त्या भागात राहिले होते. युरोपीय संघात सरसकट बंदी यायला 2005 उजाडलं.

म्हणून मला ‘शाश्वत’ या शब्दाची काळजी वाटते. नव्या पदार्थांच्या मूल्यमापनात ‘सुरक्षित आणि शाश्वत’ ही जोडी हल्ली एकत्र येते. युरोपीय आयोगाने 2022 मध्ये त्यासाठी चौकटच सुचवली आणि पदार्थ घडवतानाच ही तपासणी करा, असं सांगितलं. मात्र शाश्वतचा अर्थ नुसता ‘टिकाऊ’ घेतला, तर अ‍ॅस्बेस्टॉस पहिल्या नंबराने पास होईल. त्याचा टिकाऊपणाच तर माणसाच्या छातीत घात करतो. मूळ ‘शश्वत्’ मात्र अधिक समजूतदार आहे. वेदांत तो रोज नव्याने येणाऱ्या उषांसाठी येतो: पुन्हा पुन्हा, अखंड. एकच वस्तू कायम पडून राहणं आणि चक्र चालू राहणं यांतला फरक त्या शब्दात आहे, आणि पारिभाषिक शब्द वापरताना तो सांभाळायला हवा.

शरीरात अडकून राहणारा तंतू आणि निघून जाणारा तंतू यांतला फरक प्रयोगशाळेतही दिसतो. 2008 मध्ये कार्बनच्या नॅनोनळ्या उंदरांच्या उदरपोकळीत सोडून पाहिल्या. लांब, सरळ नळ्यांनी अ‍ॅस्बेस्टॉससारखाच दाह घडवला. आखूड किंवा गुंतवळ झालेल्या नळ्यांनी तसा घडवला नाही. कार्बन तोच, फरक आकाराचा. आणि नळीची लांबी कारखाना उभा राहण्याआधी ठरवता येते.