पुढच्या चाकांची गोष्ट: माझगाव ते भिवंडी

रांजणोली नाक्यावर उभं राहिलात तर एक गोष्ट हमखास दिसते. नाशिककडून येणारा लांबलचक ट्रेलर आणि त्यावर साखळ्यांनी बांधलेल्या कोऱ्या थार. माझा धाकटा भाऊ तो ट्रेलर दिसला की बाइक बाजूला घेऊन गाड्या मोजतो. गोडाऊनचं भाडं आल्यावर आमच्या घरीही एक आली. फोर बाय फोर, डिझेल. आता त्याला ती दोन इंच उचलायची आहे, ३३ इंची टायर टाकायचेत, आणि रात्री जेवताना आमच्या मोठ्या काकांना तो या सगळ्याचे रील दाखवत असतो.

काका बघतात, चष्मा कपाळावर सरकवतात आणि म्हणतात, "आम्ही पुढची चाकं काढायला पैसे मोजले, तुम्ही लावायला मोजता."

आजचा भाग या एका वाक्यावर आहे. काका पुढची चाकं म्हणतात तेव्हा त्यांना म्हणायचं असतं पुढच्या चाकांची ताकद. जीप आपल्याकडे आली ती चारही चाकांत ताकद घेऊन. मग आपणच ती अर्धी काढून टाकली. असं का केलं?

थोडं मागे जाऊ. १९४० मध्ये अमेरिकी सैन्याला हलकी, चारही चाकांनी ओढणारी, कुठेही घुसणारी गाडी हवी होती. अमेरिकन बँटम नावाच्या छोट्या कंपनीसाठी कार्ल प्रॉब्स्ट या इंजिनिअरने पहिलं डिझाइन केलं. ऑर्डरचा मोठा वाटा मात्र विलीज आणि फोर्डला मिळाला, कारण बँटमच्या कारखान्याचा तेवढा आवाका नव्हता. लढाई संपेपर्यंत सहा लाखांहून जास्त जीपा तयार झाल्या. इंजिन २.२ लिटर पेट्रोलचं, ताकद साधारण ६० हॉर्सपॉवर. आजच्या हिशोबाने एखादी छोटी हॅचबॅकसुद्धा तिला मागे टाकेल.

१९४५ मध्ये महिंद्रा बंधू आणि मलिक गुलाम मोहम्मद यांनी 'महिंद्रा अँड मोहम्मद' ही कंपनी काढली. फाळणी झाली, गुलाम मोहम्मद पाकिस्तानात गेले, तिथले पहिले अर्थमंत्री झाले आणि १९५१ मध्ये गव्हर्नर जनरल. इथे १९४८ मध्ये कंपनी 'महिंद्रा अँड महिंद्रा' झाली. दुसरा एम जागेवरच राहिला, फक्त त्याचा अर्थ बदलला. विलीजकडून ७५ गाड्यांची पहिली खेप सुट्या भागांत आली, आणि जोडणी सुरू झाली मुंबईत, गोदीला लागून असलेल्या माझगावात. म्हणजे आपल्याकडची जीप पहिल्यापासून पेटीतून निघून पान्याने जोडलेली गाडी आहे. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

पुढे परवान्यावर इथेच उत्पादन सुरू झालं आणि सीजे-३बी हे मॉडेल घराघरात ओळखीचं झालं. घराघरात म्हणजे विकत घेणाऱ्यांच्या नाही हं. उंच बोनेटची ती जीप लोकांनी पाहिली ती सरकारी म्हणून. तहसीलदार, पोलीस, वनखातं, पाटबंधारे, सगळ्यांकडे तीच. गावात जीप आली की पोरं मागे धावायची आणि मोठी माणसं आत जायची, कारण जीप म्हणजे कोणीतरी काहीतरी विचारायला आलंय.

याच जीपा जुन्या झाल्या की लिलावात निघायच्या. आमच्या काकांनी १९८०च्या दशकात अशीच एक सीजे-३बी उचलली. हौस म्हणून नाही. भिवंडी-वाडा रस्त्यावर एसटी कमी आणि माणसं जास्त होती, म्हणून.

आता इथून नीट ऐका, कारण मॉडिफिकेशनचा भिवंडीतला खरा इतिहास मला वाटतं इथेच आहे.

पहिला प्रश्न पेट्रोलचा. १९७३च्या तेलसंकटानंतर पेट्रोल जीप धंद्याला परवडेना. महिंद्राने स्वतःच ट्रॅक्टरच्या घराण्यातलं डिझेल इंजिन जीपमध्ये बसवलं. नंतर १९८०च्या दशकात इगतपुरीच्या कारखान्यात प्यूजोच्या परवान्यावरची डिझेल इंजिनं बनू लागली, २११२ सीसीची. एमएम ५४० मधलं इंजिन तेच. पण ज्यांच्याकडे जुनी पेट्रोल जीप होती त्यांनी काय करायचं? त्यांनी भंगारातून डिझेल इंजिन आणलं. काकांनी कुर्ल्याहून मोडीत निघालेल्या मॅटाडोरचं इंजिन आणलं.

इंजिन एका कंपनीचं, गिअरबॉक्स दुसऱ्या. दोघांची भोकं जुळत नाहीत. मधे जाड लोखंडी प्लेट लागते, एका बाजूला इंजिनच्या मापाची भोकं आणि दुसऱ्या बाजूला गिअरबॉक्सच्या. शिवाय शाफ्टचा मध्य केसाइतकाही सरकला तर क्लच महिन्याभरात बसतो. ही प्लेट कोणी केली माहितेय? लूमचे पार्ट करणाऱ्या लेथवाल्याने. भिवंडीत पॉवरलूम एवढे, की त्यांचे दांडे, गिअर, बुश करणारे लेथ गल्लोगल्ली होते. दिवसभर लूमचं काम करायचं आणि संध्याकाळी जीपचं. भिवंडीत जीपा एवढ्या सहज बदलल्या जाण्यामागे लूमचा हात होता असं माझं मत आहे, आणि ते मी सोडणार नाही.

डिझेल इंजिन जड, म्हणून पुढे पाट्यांत एकेक पाटा वाढवला. गाडी आपोआप दीड-दोन इंच उचलली गेली. आज त्याला लिफ्ट किट म्हणतात. मागची बॉडी वेल्डिंगवाल्याने लांब केली आणि दोन्ही बाजूंना आमनेसामने बाकडी टाकली. कागदावर माणसं किती आणि बसायची किती, हा हिशोब मी इथे देत नाही. टपावर, मागच्या फूटबोर्डवर आणि ड्रायव्हरच्या उजव्या बाजूलाही एक जण असायचा एवढं सांगतो.

आणि मग पुढची चाकं. काकांनी पुढचा प्रॉपेलर शाफ्ट सोडवला, गोणपाटात गुंडाळला आणि पडवीत टाकला.

का? हे थारवाल्यांनी जरा लक्ष देऊन ऐकावं. जीपमध्ये पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मधे डिफरन्शिअल नसतो. फोर व्हीलचा दांडा टाकला की पुढचा आणि मागचा शाफ्ट एकाच वेगाने फिरतात. वळणावर मात्र पुढची चाकं मोठा फेरा घेतात, त्यांना जास्त फिरायचं असतं. मातीत चाक थोडं घसरतं आणि हिशोब जुळतो. डांबरावर चाक घसरत नाही, सगळा ताण गिअर आणि जॉइंटवर जातो. म्हणून डांबरावर फोर व्हील टाकायचं नसतं, आणि भावाच्या थारच्या पुस्तिकेतही हेच लिहिलंय, त्याने ती उघडली असती तर. काकांचा सगळा धंदा डांबरावरचा. तो शाफ्ट टू व्हीलमध्येही रिकामा फिरत राहणार, डिझेल खाणार, क्रॉस घासणार. काढला की वजन वाचलं. पुढे कंपनीनेही हेच ओळखलं. कमांडर, मार्शल अशा गाड्या मुख्यतः दोनच चाकांच्या ताकदीवर गावोगाव पोहोचल्या. पश्चिम महाराष्ट्रात त्यांना वडाप म्हणत. आमच्याकडे नुसतं जीप म्हटलं की पुरे.

म्हणजे जी गोष्ट असते म्हणून जीपला जीप म्हणतात, ती काढल्यावरच ती सामान्य माणसाच्या कामाला आली.

असं करणारे आपण एकटे नाही. दार्जिलिंगजवळ संदकफूच्या चढावर ब्रिटिशांच्या काळातली ओळख सांगणाऱ्या जुन्या लँड रोव्हर अजून पर्यटक नेतात. त्यातल्या बऱ्याच गाड्यांच्या बोनेटखाली आता महिंद्राचं डिझेल आहे. फरक इतकाच, की त्यांनी पुढची चाकं ठेवली. तिथे रस्ता दगडांचा आहे, हौसेचा प्रश्नच नाही.

आता २६ जुलै २००५. मंगळवार. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला हे तुम्ही ऐकलं असेल. कामवारीने भिवंडीत काय केलं ते मुंबईच्या बातम्यांत फारसं आलं नाही. काका दुपारी वंजारपट्टी नाक्यावरून शेवटची खेप घेऊन निघाले. गाडी भरलेली. मी तेव्हा शाळेत होतो, पुढे काकांच्या शेजारी कोंबलेला. माझ्या मागे एक बाई होती, मांडीवर तापाने फणफणलेलं पोर.

अनगाव सोडल्यावर एका ओढ्याचं पाणी रस्त्यावर आलं होतं. समोर पेट्रोलची एक कार मधेच बंद पडून तिरकी झाली होती. काकांनी फॅन बेल्ट काढला. पाण्यात पंखा फिरला की पाणी इंजिनभर उडवतो आणि कधी कधी पातं वाकून रेडिएटरमध्ये घुसतं. डिझेलला स्पार्क प्लग नसतो, त्यामुळे इंजिन ओलं झालं तरी चालतं, फक्त हवा ओढणारं तोंड पाण्याबाहेर हवं. तिथून पाणी आत गेलं की संपलं. पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. पाणी बोनेटच्या खालीच राहिलं. इंजिन एकदाही अडखळलं नाही.

अडखळलं मागचं चाक. पलीकडच्या काठावर रस्त्याची कड खचली होती. मागचं डावं चाक मऊ मातीत गेलं आणि गरागरा फिरायला लागलं. डिफरन्शिअलचा स्वभावच तसा, जे चाक हलकं त्यालाच तो सगळा फिरवतो. उजवं चाक घट्ट जमिनीवर, पण ढिम्म. पुढची दोन्ही चाकं चांगल्या डांबरावर पोहोचली होती, आणि त्यांना ताकद पोचवणारा शाफ्ट आमच्या पडवीत गोणपाटात होता.

काका काही बोलले नाहीत. स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून बसले. मग सगळे उतरले, कमरेएवढ्या पाण्यात. दोरी, दगड, कोणाची तरी सतरंजी चाकाखाली. पोराला हातोहात पलीकडे नेलं. गाडी निघायला अंधार पडला. पोर वाचलं, हे मला माहीत आहे, कारण पुढे ते आमच्याच शाळेत आलं.

पाणी ओसरल्यावर काकांनी धंद्याला गाडी काढायच्या आधी नवे क्रॉस आणले आणि शाफ्ट परत लावला. डिझेल जास्त लागायला लागलं. भाडं तेवढंच राहिलं.

आजच्या भाषेत या जीपचा 'बिल्ड' सांगायचा तर: इंजिन स्वॅप, कस्टम अडॅप्टर, दोन इंची लिफ्ट, वाढीव बॉडी, फोर बाय फोर पूर्ववत. यूट्यूबवर लाखभर व्ह्यूज सहज. अडचण फक्त एक आहे. आरसीवर अजून पेट्रोल लिहिलंय. मधल्या वर्षांत पासिंग कसं होत गेलं ते काका सांगत नाहीत, मीही विचारत नाही.

मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं, की कंपनीने मुळात दिलेल्या तपशिलांपासून आरसीवरचे तपशील वेगळे पडतील असा बदल मालकाने करायचा नाही. ९ जानेवारी २०१९ ला सर्वोच्च न्यायालयाने केरळच्या एका प्रकरणात हेच ठामपणे सांगितलं. डिसेंबर २०१७ मध्ये केंद्राने पुढचे बुल बार बेकायदेशीर असल्याचं राज्यांना कळवलं होतं. त्याला कारण आहे. लोखंडी बार पादचाऱ्याला जास्त इजा करतो आणि एअरबॅगच्या सेन्सरच्या कामात अडथळा आणतो. मोठ्या टायरचंही तसंच. चाक मोठं झालं की स्पीडोमीटर कमी वेग दाखवतो, ब्रेकला जास्त काम पडतं, उंच गाडी वळणावर लवकर कलंडते. भावाला हे मी सांगतो तेव्हा तो म्हणतो, "मग काकांनी केलं ते?" उत्तर माझ्याकडे अर्धंच आहे. काकांची वाढीव बॉडी धोकादायकच होती. अठरा माणसं घेऊन ती उलटली असती तर आज हा भाग मी हसत हसत सांगत नसतो. कायदा बरोबर आहे असं मला वाटतं, आणि तो आमच्या जीपला लागू झाला की पोटात गोळा येतो. दोन्ही खरं.

आता ती जीप गोठ्याशेजारी उभी आहे. रजिस्ट्रेशन संपलंय. एक रस्ता भंगाराचा. दुसरा रस्ता मुळावर जायचा: त्याच जातीचं पेट्रोल इंजिन शोधायचं, बॉडी कापून मूळ मापाची करायची, मग कागदपत्रांसाठी अर्ज. भाऊ म्हणतो, लिफ्ट किटचे पैसे तिकडे वळवू. मला आधी खरं वाटलं नाही, पण त्याने ऑर्डर रद्द केल्याचा मेसेज दाखवला.

काका तयार झालेत. मॅटाडोरचं इंजिन काढा, बाकडी काढा, मागचं सगळं कापा म्हणाले. एकच अट घातली, "पुढचा शाफ्ट कोणी सोडवायचा नाय." आम्ही म्हटलं, अहो काका, मूळ गाडीत तो आहेच, उलट तो असायलाच पाहिजे. ते म्हणाले, "माहित्ये. तरी सांगून ठेवतो."

लेथवाल्याचा मुलगा आता रूफ रॅक बनवतो. गुरुवारी त्याच्याकडे जायचंय, जुनी प्लेट दाखवायला.